आमची वाटचाल: चित्र गेलं, आवाज राहिला

आमचं युनिट पहिल्यापासून लहानच. लेखन आणि दिग्दर्शन माझं, आवाजाचं रेकॉर्डिंग भागीदारांचं, कॅमेऱ्यावर जो मोकळा असेल तो. भागीदार आपलं नाव छापू देत नाहीत, त्यामुळे इथेही ते नुसते भागीदार.

सुरुवात केली 16 मिमी फिल्मवर, चावीच्या बोलेक्स कॅमेऱ्यावर. 100 फुटांचं रील सेकंदाला 24 फ्रेमने पावणेतीन मिनिटांत संपायचं आणि एकदा चावी भरली की शॉट जेमतेम 28 सेकंद चालायचा. माझ्या पटकथांत लांबलचक भाषणं नसतात, त्याला लोक माझी शैली म्हणतात. शैली कसली, स्प्रिंग संपायची!

पुढची व्हिडिओ टेपवरची बरीच वर्षं माहितीपट, लघुपट आणि पटकथेचे वर्ग यांत गेली. पोट भरलं, एवढंच.

मग पूर्ण लांबीचा चित्रपट करायचं ठरलं. 2008 नंतर फोटोचे कॅमेरे एचडी चित्रीकरण करू लागले होते आणि आमच्यासारख्यांना मोठ्या पडद्याचा लूक पहिल्यांदाच परवडत होता. पण आमच्या कॅमेऱ्याला हेडफोन लावायची सोयच नव्हती, म्हणजे आवाज कसा येतोय ते ऐकता यायचं नाही. भागीदार हटून बसले: आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, चांगल्या दर्जाच्या 24 बिटमध्ये, आणि प्रत्येक टेकला क्लॅप, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवायला पाटीचा ठोका. मी कुरकुरलो. क्लॅपमध्ये वेळ जातो असं तेव्हा मला वाटायचं.

22 दिवस शूटिंग झालं. एडिटिंगला बसलो आणि तिसऱ्या दिवशी हार्ड डिस्क टकटक करू लागली. 9 दिवसांचं चित्र गेलं. डेटा काढणाऱ्याने परत दिली ती फोल्डरची नावं, आत काही नाही. बॅकअप होता, पण त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. आठवड्याभरात निर्मात्याने अंग काढून घेतलं. भाड्याची लाइट परत गेली, ऑफिसही सोडावं लागलं.

भागीदार म्हणाले, "आवाज आहे ना सर? ऐकून तर बघू."

14 रात्री आम्ही ऐकत बसलो. समोर त्यांचे पेन्सिलने लिहिलेले साउंड रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक टेकच्या आवाजाची नोंद. सीन 31, टेक 4, ‘चांगला, पण खुर्ची’. सीन 31, टेक 5, ‘विमान’. सीन 40, ‘बाई रडताना बांगडी वाजते, ठेवा’. ती बांगडी ऐकली आणि मला चेहऱ्याची गरजच वाटेना. रिकामा जिना, दाराची कडी, टेबलावरचा हात, एवढंच दोन दिवसांत पुन्हा टिपलं आणि त्यावर मूळ संवाद चढवले. ओठ कुठे दिसतच नाहीत, मग सिंकची, म्हणजे ओठ आणि आवाज जुळण्याची, चिंता कसली? चित्रपट पुरा झाला. खेळानंतर प्रेक्षक बोलायचे ते जिन्याच्या सीनबद्दलच.

त्या 14 रात्री आमचा एक विद्यार्थी चहा करायला आणि केबल गुंडाळायला असायचा. पुढे त्याने स्वतःचा क्लास काढला. विद्यार्थ्यांना डोळे मिटून सीन ऐकवायचा आणि मगच शॉट लिहायला लावायचे, ही म्हणे त्याची पद्धत! क्लास काढला याचं मला वाईट वाटत नाही, शिकवलं की पोरं पुढे जाणारच. पण त्याच्या नोट्स माझ्या हाती आल्या, तेव्हा त्यांत माझी शुद्धलेखनाची चूकसुद्धा जशीच्या तशी होती.

आता विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो. फुटेजच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प करून निदान 30 सेकंद रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचा आवाज, घ्या. युनिट हसतं, हसू द्या. एडिटिंगला संवादांच्या मधली भोकं त्यानेच बुजतात. आणि निर्मात्याशी करार कागदावर करा, मग तो मित्र असला तरी. मित्र असला तर आधी करा.

आमची बॅच अजून 12 जणांचीच असते. त्या विद्यार्थ्याच्या क्लासमध्ये म्हणे बसायला जागा नसते.

मागच्या महिन्यात त्याने फोन केला, तोही मला नाही, भागीदारांना. वर्गात ऐकवायला जिन्याच्या सीनचा मूळ आवाज हवा होता. भागीदारांनी तो त्याच दिवशी पाठवून दिला, रूम टोनसकट, वर साउंड रिपोर्टचा फोटो. मला सांगितलं दोन दिवसांनी.