मे महिन्यात अँबेसेडर घेऊन संभाजीनगर ते नळदुर्ग

मागच्या मे महिन्यात आमची १९८४ ची अँबेसेडर मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली नाही. घाट तिने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, रखडत का होईना, चढला. बंद पडली ती वर येऊन चहाला थांबल्यावर. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली तर स्टार्टर नुसता घुमतोय. पाण्याचा काटा मध्यावर, बॅटरी ठणठणीत, प्लगला करंटही येतोय. टपरीवरचा पोरगा म्हणाला, "गाडी तापायली का? थांबा, पाणी आणतो." इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून आम्ही पाऊण तास बसलो. मामा डावीकडच्या सीटवर मांडी घालून बसले होते, कारण त्यांच्या पायाखालचा पत्रा तव्यासारखा झाला होता.

यंदा तोच रस्ता, तोच महिना, तेच मामा. संभाजीनगरहून शहागड, गेवराई, बीड, येडशी, तुळजापूर करत नळदुर्ग. ३०० किलोमीटरच्या आसपास. मधल्या काळात बॉनेटखाली काय काय केलं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं, ते जुनी गाडी घेऊन या बाजूला येणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी दुखणं कुठलं ते. अँबेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, सीरिज थ्री. तिच्या १४८९ सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट (जळका धूर बाहेर पडायची वाट) एकाच अंगाला, डावीकडे. खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारी नळी, त्याच्या डोक्यावर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा कार्बोरेटर. चुलीवर दुधाचं पातेलं ठेवावं तशी मांडणी. गाडी पळते तोवर पंख्याचा वारा असतो, टाकीतून त्या मानाने गार पेट्रोल येत राहतं, म्हणून दूध उतू जात नाही. गाडी बंद केली की वारा थांबतो, पेट्रोल थांबतं. मॅनिफोल्डची आच मात्र तशीच वर चढत राहते. पेट्रोलमधले हलके अंश ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. मराठवाड्यात मेमध्ये सावलीतच तेवढं असतं! कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं आणि पंपात नुसती वाफ भरते. मग स्टार्टर कितीही मारा.

आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी पत्रा-बित्रा लावण्याआधी भलतीकडेच हात घातला. "साहेब, आधी आग कमी करा, मग भिंत बांधा," असं म्हणून त्यांनी टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, बघितलं. ते मागे पडलेलं होतं. स्पार्क उशिरा पडला की पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहतं आणि ती उष्णता सरळ एक्झॉस्टमध्ये जाते. दुसरं म्हणजे मिश्रण. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे पूर्वीच्या सेटिंगवर तेच मिश्रण पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि इंजिन जास्त तापतं. उस्तादांनी पेट्रोल वाढवायला एसयू कंपनीच्या कार्बोरेटरच्या जेटचा नट दोन बाजू खाली फिरवला, गाडी चालवून आणली, प्लग काढून रंग बघितला आणि मान हलवली. या दोन कामांना मजुरीखेरीज काही लागलं नाही. रेडिएटर साफ करून घेतला तो वेगळा.

मग भिंत. आमच्याकडे बाजारातला तयार हीट शील्ड, म्हणजे आच अडवणारा पत्रा, नव्हता. छापखान्यातून भंगारात निघालेल्या ऑफसेट प्लेट आणल्या. अॅल्युमिनियमच्याच असतात, कात्रीने कापल्या जातात. आधी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापा आणि कार्बोरेटरखाली बसवून बघा. थ्रॉटलची दांडी कुठे अडत नाही ना, ते गाडी बंद असतानाच अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तपासा. प्लेटी दोन घेतल्या आणि मध्ये वॉशर घालून बोटाच्या पेराएवढी फट ठेवली. खरं काम ही फट करते. पत्रा मॅनिफोल्डला टेकला तर तो ढाल राहत नाही, इस्त्री होतो. प्लेट पातळ असते म्हणून कडा दुमडून घ्या, नाहीतर थरथरून चिरते.

कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या मध्ये ८ मिलिमीटरचा हायलमचा (उष्णता कमी वाहणाऱ्या कडक शीटचा) ठोकळा बसवला. इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्यांकडे हायलमची शीट मिळते. दोन्ही बाजूंना नवीन गॅस्केट (सांध्यातली फट बंद करणारा पातळ थर) घाला. स्टड, म्हणजे नट बसतात त्या आट्यांच्या दांड्या, लांब लागतात आणि एअर क्लीनर तेवढा वर येतो, तेव्हा बॉनेट लावताना जपून. हवा चोरतेय का ते इंजिन चालू ठेवून ऐका; आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वर-खाली व्हायला लागलं तर गॅस्केट पुन्हा काढावं लागेल.

पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून चार बोटं लांबून फिरवली. जुना रबरी पाइप इथेनॉलने फुगून आतून सोलत होता. त्याऐवजी एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या पाइपाचं मानक) छापलेला पाइप घेतला आणि त्यावर चंदेरी फायबरग्लासची बाही चढवली. नळीला कपड्याचे लाकडी चिमटे लावायचा जुना उपाय मीही केला होता. माझ्या गाडीला तरी काडीचा फरक पडला नाही, चिमटे मात्र काळे पडले.

एक्झॉस्टची पट्टी, म्हणजे उष्णता पाइपातच ठेवणारा रॅप, फक्त मॅनिफोल्डच्या खालच्या पाइपला गुंडाळली. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) मॅनिफोल्डला गुंडाळू नका. त्याला उष्णता बाहेर टाकता आली नाही तर जुनं बीड तडकतं, आणि पट्टीत ओल राहून गंज चढतो तो दिसतही नाही. त्या बाजूला तेलाची गळती असेल तर आधी ती बंद करा. तेल प्यायलेली पट्टी म्हणजे वातच. पट्टीचे तंतू टोचतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मी घातला नाही आणि दोन दिवस खाजवत बसलो. एका दुकानात जुनी अॅस्बेस्टॉसची दोरी स्वस्तात देत होते, ती घेतली नाही. तिची धूळ फुप्फुसात जाते, असल्या काटकसरीला अर्थ नाही.

पहाटे पाचला निघालो. पहिल्या तासभरात नव्या पट्टीचा धूर आणि करपट वास येतो. मामा पाचोडपर्यंत तीनदा म्हणाले, "अरे, काहीतरी जळतंय." तुमचे मामा बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा, किंवा आदल्या दिवशी अर्धा तास गाडी फिरवून आणा. शहागडला गोदावरी ओलांडली तेव्हा ऊन कोवळं होतं. बीडला थांबलोच नाही, बायपासने गेलो, कारण घाट दहाच्या आत चढायचा होता.

घाट चढून मुद्दाम त्याच टपरीवर थांबलो. फरक एवढाच की लगेच चावी बंद केली नाही. दोन मिनिटं इंजिन आयडलिंगवर राहू दिलं, गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं, बॉनेट उघडलं आणि मग बंद केली. इन्फ्रारेड थर्मामीटरने कार्बोरेटरची वाटी बघितली. बंद करताना ४४ अंश, पंधरा मिनिटांनी ५२. मागच्या वर्षी, बंद पडल्यावर, ६७ होते. हे यंत्र चकचकीत अॅल्युमिनियमवर खोटं बोलतं, खूपच कमी आकडा दाखवतं. वाटीवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. चावी मारली, दुसऱ्या फेरीत गाडी चालू. सुरू झाली नाहीच, तर चोक ओढू नका. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारा, सांडलेलं पेट्रोल निघून जातं. आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोलचा पाइप कधीही सोडू नका. सीटखाली दोन किलोचं अग्निशामक होतं. तेरखेड्याहून, फटाक्यांच्या कारखान्यांच्या गावातून जाताना, मामांनी ते हात घालून चाचपून बघितलं.

सरमकुंडी फाट्यावर पेढे घेतले. येडशीपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. तुळजापुरात दर्शनाला दोन तास गेले, गाडी उन्हात उभी. तिथेही पहिल्या चावीला सुरू.

नळदुर्गात मेमध्ये पाणीमहालावरून पाणी पडत नाही, बोरी नदी आटलेली असते. किल्ला बघायचा तर चार वाजल्यानंतर जा, आणि धबधबे बघायचे तर पावसाळ्यातच या. आम्ही तटबंदीच्या सावलीत बॉनेट उघडून बसलो होतो, कारण तुळजापूर सोडल्यापासून आयडलिंग हलत होतं. हायलम पहिल्यांदा तापल्यावर दबतो आणि कार्बोरेटरचे नट ढिले होतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इंजिन गार होऊ देऊन अर्ध्या इंचाच्या पान्याने पाव-पाव फेरी आवळले. या गाडीचे नट इंची मापाचे आहेत, रस्त्यावरच्या गॅरेजात मिलिमीटरचेच पाने असतात आणि ते नट गोल करतात; स्वतःचे इंची पाने बरोबर ठेवा.

मामा चपला काढून सीटवर बसले होते, पाय खाली पत्र्यावर. "गरम आहे का?" मी विचारलं. "कोमट आहे," ते म्हणाले, आणि पेढ्यांचं खोकं पुढे केलं.