सतरावा भाग आणि १२० शब्दांची चौकट

‘कथासार : कमाल १२० शब्द. रहस्य उघड करू नये. मालिका न पाहिलेल्या वाचकाला समजावे.’

जळगावातल्या एका नियतकालिकाच्या परीक्षण-अर्जातली ही तिसरी चौकट. अर्जात एकूण सहा चौकटी होत्या. पाच एका रात्रीत भरून झाल्या. ही एक तीनदा परत आली आणि तिनं अकरा दिवस घेतले. परत पाठवण्याचं कारण दर वेळी एका ओळीचं, आणि प्रत्येक नवं कारण आधीच्याच्या उलटं. तो राग अजून उतरलेला नाही. महाशक्ती असलेल्या माणसांच्या मालिकेतला एक सुटा भाग परीक्षणाला घेणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतो, हे माझ्यानंतरच्या दोघांचे अर्ज पाहून कळलं, म्हणून सगळं मांडून ठेवतो.

भाग होता ‘हीरोज’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या सीझनचा सतरावा, ‘कंपनी मॅन’. मालिकेचा निर्माता टिम क्रिंग, या भागाचं लेखन ब्रायन फुलर, दिग्दर्शन अ‍ॅलन आर्कुश, पहिलं प्रक्षेपण एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर २६ फेब्रुवारी २००७. खाली शेवटासकट बोललो आहे. भाग पाहायचा असेल तर आधी पाहून घ्या.

पाहण्याचं काम सोपं आहे. तीन वेळा पाहा. पहिल्यांदा वही-पेन दूर ठेवून, सलग. दुसऱ्यांदा फुलस्केप वहीत चार रकाने आखून : वेळ, जागा, कोणाची शक्ती वापरली गेली, आणि तिची किंमत कोणी मोजली. त्रेचाळीसेक मिनिटांच्या भागाला ही दुसरी फेरी अडीच तास खाते, ते गृहीत धरा. तिसऱ्यांदा फक्त खुणा केलेले प्रसंग. भाग आधीच उतरवून ठेवा. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी वीज गेली की रकाना अर्धवट राहतो, आणि पुन्हा लय लागायला वेळ जातो.

आता ती चौकट.

पहिला मसुदा ३४० शब्दांचा झाला. मालिकेत माणसं फार. टोकियोतला काळ थांबवणारा कारकून, भविष्याची चित्रं काढणारा चित्रकार, दुसऱ्याची शक्ती आपल्यात घेणारा परिचारक, चेन्नईहून न्यूयॉर्कला गेलेला संशोधक. प्रत्येकाची एका ओळीत ओळख करून द्यायची म्हटलं तरी १५० शब्द तिथेच संपतात. कापून कापून २१० वर आणला आणि पाठवला. शेरा आला : ‘शब्दमर्यादा पाळावी.’

दुसरा मसुदा ११८ शब्दांचा. ओळखी काढल्या, घटना ठेवल्या. घरात ओलीस ठेवलेलं कुटुंब, बापाच्या मनातल्या सांगण्यावरून मुलीवर झाडलेली गोळी, जळणारं घर, पुलावरचा निरोप. शेरा : ‘रहस्य उघड झाले आहे.’ बरोबरच होतं, पण मग काय सांगायचं?

तिसऱ्यात सगळं झाकलं. ‘एका कुटुंबावर संकट येते आणि एका बापाला निवड करावी लागते’ अशा जातीची वाक्यं. शेरा : ‘कथानक स्पष्ट होत नाही.’ अशी वाक्यं कोणत्याही मालिकेच्या कोणत्याही भागाला लागू पडतात, हे मला मान्य आहे. मान्य नाही ते हे, की तिन्ही वेळा काय नको ते सांगितलं गेलं, काय हवं ते एकदाही नाही. फोन केला तर ‘चौकटीत लिहिलंय तसं करा’ एवढंच उत्तर. अटी एकमेकींना छेद देत असतील, तर एक भरलेला नमुना जोडायला हवा. अर्ध्या पानाचं काम आहे ते.

सुटका झाली ती वहीतल्या दुसऱ्या रकान्यामुळे. जागेचा रकाना वरपासून खाली वाचला तेव्हा दिसलं, की हा भाग जवळजवळ सगळा एका घराभोवती आणि एका माणसाच्या भूतकाळात फिरतो. मालिकेचे इतर भाग तीन-चार धागे एकत्र विणतात. इथे वर्तमानातला टोकियोवाला नाही, चित्रकार नाही, संशोधकही नाही. मी पहिल्या मसुद्यात ज्यांची ओळख करून देत बसलो होतो, ते या भागात नव्हतेच. सीझनची माहिती डोक्यात भरलेली असते आणि ती बाहेर यायला धडपडते, ती आवरायची. म्हणून पहिला नियम : त्या भागात जो पडद्यावर येत नाही, त्याचं नाव कथासारात येत नाही. एकाही अपवादाशिवाय.

दुसरा नियम रहस्याबद्दल. अमेरिकन वाहिनीवरचा भाग जाहिरातींसाठी तुकड्यांत बांधलेला असतो. पडदा क्षणभर काळा होतो ती जागा म्हणजे तुकड्याचा शेवट, आणि तिथे मुद्दाम काहीतरी लटकत ठेवलेलं असतं. पहिल्या मोठ्या काळ्या पडद्यापर्यंत जे मांडलं, ते मोकळेपणानं सांगा. तो प्रश्न असतो. पुढच्या तुकड्यांत त्याचं उत्तर असतं, ते सांगायचं नाही. पुढचं फक्त दडपण सांगायचं : कोण कशाच्या आड उभा आहे, वेळ कोणाच्या हातात आहे. मालिकेत आधीच जाहीर असलेली गोष्ट रहस्यात मोडत नाही. क्लेअरच्या जखमा आपोआप भरतात हे पहिल्या भागापासून माहीत आहे, ते लपवलं तर वाचकाला काहीच कळणार नाही.

तिसरा उपाय लिहिण्याचा नाहीच, बोलण्याचा आहे. मालिका न पाहिलेल्या माणसाला गोष्ट अहिराणीत तोंडी सांगा, मिनिटभरात. अहिराणीत ‘अतींद्रिय मनोसंप्रेषण’ म्हणता येत नाही. ‘याले दुसरास्ना मनमानं आयकू येस’ एवढंच म्हणता येतं, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच समजतं. समोरचा जिथे ‘मंग?’ विचारतो तिथपर्यंतचं कथासार. तो जिथे ‘हाऊ कोन?’ (हा कोण?) विचारतो, तिथे एक नाव जास्त झालं आहे. घरी अहिराणी नसेल तर लेवा बोलीत सांगा, तावडीत सांगा. पुस्तकी मराठीच्या बाहेर पडणं महत्त्वाचं.

चौथ्या वेळी गेलेला मजकूर जसाच्या तसा देतो :

‘टेक्सासमधल्या ओडेसा गावात नोआ बेनेट कागदाच्या कंपनीत नोकरी करतो, असं त्याच्या घरच्यांना वाटतं. खरं काम वेगळं : शक्ती असलेली माणसं शोधायची, पकडायची, त्यांच्यावर खूण करून सोडायचं. अशी दोन माणसं आज त्याच्या घरात शिरली आहेत. मॅट पार्कमन पोलीस होता, त्याला इतरांच्या मनातलं ऐकू येतं. टेड स्प्रेगच्या अंगातून किरणोत्सर्ग बाहेर पडतो. तो चिडला की त्याच्याही ताब्यात राहत नाही. दोघांना उत्तरं हवीत. बेनेटची मुलगी क्लेअर हिच्या जखमा आपोआप भरतात, आणि हे त्या दोघांपासून व कंपनीपासूनही लपवायचं आहे. ज्याच्यासमोर मनातही खोटं बोलता येत नाही, त्याच्यासमोर बेनेट काय लपवणार आणि काय मुद्दाम ऐकवणार?’

शंभरच्या आत बसलं. नावं फक्त चार. प्रत्येक शक्तीला एक नियम आणि गरज असेल तिथे एक मर्यादा, बाकी काही नाही. हे लगेच स्वीकारलं गेलं, आणि फार बरं वाटलं. शेवटचं प्रश्नार्थक वाक्य तोंडी सांगताना सापडलं होतं.

शब्द मोजताना एक गोष्ट सांभाळा. विरामचिन्हाआधी मोकळी जागा सुटली की मोजणीयंत्र ते चिन्हही शब्द म्हणून धरतं. ‘बेनेट च्या’ असं तोडून लिहिलं की एकाचे दोन होतात. माझ्या एका मसुद्यात असे सात शब्द फुकट वाढले होते.

‘शक्ती’ या शब्दावरही दोन दिवस गेले, पण ते दिवस वाया गेले नाहीत. ‘सिद्धी’ साधनेनं मिळते; या माणसांनी काही साधलेलं नाही. ‘वरदान’ म्हटलं की देणारा आला. टेडसाठी ‘अंगात येणं’ हा शब्द सुचला होता, आणि आपल्या वाचकाला तो पटकन भिडलाही असता. पण अंगात येतं ते देवीचं, कानबाईचं असो की आणखी कोणाचं. ती बाहेरून येते, लोक पाया पडतात, प्रश्न विचारतात आणि ती जाते. टेडचं जे आहे ते जात नाही. त्याच्या बायकोला कॅन्सर झाला तो त्याच्याच किरणोत्सर्गानं. त्याला आजाराची भाषा हवी, भक्तीची नव्हे. म्हणून सरळ ‘शक्ती’, आणि टेडच्या बाबतीत क्रियापद बदललं : इतर शक्ती ‘वापरतात’, टेडची ‘बाहेर पडते’. हा फरक केला की परीक्षणाचं निम्मं काम होतं, कारण भाग त्याच फरकावर उभा आहे.

उरलेल्या चौकटी. लेखनाच्या चौकटीत मी एकच प्रसंग घेतला. बेनेटच्या बायकोला मारायला टेड निघतो, तेव्हा बेनेट तोंड न उघडता मॅटला मनातून सांगतो की क्लेअरवर गोळी झाड. ती मरणार नाही हे त्याला माहीत आहे. टेडला सूड मिळाल्यासारखं वाटेल आणि बायको वाचेल. मॅट गोळी झाडतो. मन वाचण्याची शक्ती आजवर चोरून ऐकण्यासाठी वापरली जात होती. इथे ज्याचं मन वाचलं जातंय तोच तिचा निरोप्या म्हणून उपयोग करतो. शक्तीचा नियम जराही न मोडता तिचा नवा उपयोग काढणं, हे या प्रकारच्या लेखनातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि फुलर यांनी ते चोख केलं आहे. हा प्रसंग एकदा सबटायटल बंद करून पाहा. ओठ हलत नाहीत, आवाज येतो. अशा वेळी नजर खालच्या ओळीवर गेली की बेनेट झालेल्या जॅक कोलमनचा चेहरा निसटतो, आणि अभिनयाच्या चौकटीत लिहायला काही उरत नाही.

वहीतला चौथा रकाना शेवटी कामाला येतो. टेडचा स्फोट व्हायच्या बेतात असतो, घर पेटलेलं असतं, कोणी जवळ जाऊ शकत नाही. क्लेअर गुंगीचं इंजेक्शन घेऊन आत जाते. अंगाची कातडी भाजत असताना चालत जाते. ती लढत नाही, फक्त सोसत पुढे जाते. किंमत मात्र नंतर : ती बाहेर येते, सगळ्यांसमोर बरी होते, आणि इतकी वर्षं बापानं कंपनीपासून लपवलेलं कंपनीच्या माणसालाच दिसतं. जिनं घर वाचवलं तिलाच घर सोडावं लागतं. हे चौथ्या रकान्यात लिहिलेलं नसेल तर परीक्षणात ‘थरारक शेवट’ एवढंच येतं.

स्पेशल इफेक्ट्सवर फार शब्द घालवू नका. धुळ्याहून आग्रा रोडनं तासाभरावर मालेगाव आहे. तिथे शेख नासिर यांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख यांना आपल्या चित्रपटात सुपरमॅन केलं; फैजा अहमद खान यांचा २००८ चा माहितीपट त्याच चित्रपटाच्या घडणीवर आहे. पैसा नसताना उडणारा माणूस पटतो, कारण तो कोणासाठी उडतोय ते कळतं. ‘कंपनी मॅन’मध्येही लक्षात राहते ती भाजलेली मुलगी, आगीची रचना नाही.

दिग्दर्शनाच्या चौकटीसाठी रंग पाहा. बेनेटच्या भूतकाळातले प्रसंग कृष्णधवल सुरू होतात आणि वर्तमानाकडे येताना हळूहळू रंग धरतात. टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असेल तर फिकट रंगही भडक दिसतात आणि ही चढण कळत नाही. चित्र ‘स्टँडर्ड’वर ठेवा, खोलीत अंधार करा. मी दुसऱ्या फेरीपर्यंत हे केलं नव्हतं, म्हणून ती चौकट पुन्हा लिहावी लागली.

हैतीयन माणूस म्हणजे बेनेटचा कंपनीतला जोडीदार. या मालिकेत तो जवळ असला की इतरांची शक्ती चालत नाही. त्यामुळे तो ज्या प्रसंगात आहे तिथे वहीत त्याच्या नावापुढे ठळक खूण करा आणि तेव्हा दुसरं कोणी शक्ती वापरतंय का ते तपासा. नियम मोडलेला दिसला तर तो दोष म्हणून लिहा, वेळेसकट. शेवटी पुलावर तो बेनेटच्या सांगण्यावरून बेनेटवरच गोळी झाडतो आणि त्याच्या आठवणी पुसतो, म्हणजे मुलगी कुठे गेली हे कोणाला त्याच्या डोक्यातून काढता येऊ नये. कथासारात हे मी कितीही मोह झाला तरी घातलं नाही.

तारांकन सर्वांत शेवटी भरा. मी साडेचार दिले. अर्धा कापला तो कंपनीच्या माणसांचा धाक एकाच व्यक्तिरेखेवर टेकलेला आहे म्हणून. आणि नावांची देवनागरी पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर ठरवून टाका. माझ्याकडे एका मसुद्यात ‘क्लेअर’, ‘क्लेर’ आणि ‘क्लॅर’ अशा तिघी झाल्या होत्या.