तीन भागिले बारा: घशाचं ऑपरेशन आणि विम्याचा क्लेम

आवाज बसून तीन-चार आठवडे झाले आणि सुटत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन दुर्बिणीने तपासून घ्या, हे सगळेच सांगतात. मीही सांगतो. तंबाखू-बिडी असेल तर तेवढीही वाट पाहू नका. पण केसपेपरवर ‘त्रास कधीपासून’ या ओळीत डॉक्टर काय लिहितात ते तिथल्या तिथे वाचून घ्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगण्यासाठीच हा खटाटोप.

मी अमळनेरच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानावर कामाला आहे. लिलावाच्या वेळी बोली पुकारायचं काम माझ्याकडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, यायला लागली की ढिगामागून ढीग, भुशाची धूळ, आणि बाजूच्या दुकानाचा पुकारा आपल्याहून मोठा, म्हणून आपण त्याच्याहून मोठ्याने. 2023 च्या त्या हंगामात आवाज सकाळी बरा असायचा, दुपारी फाटायचा आणि संध्याकाळी नुसती हवा निघायची. मारवडचे एक नाना रोज विचारायचे, “काय भो, तुना आवाज कोठे गया?” ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या. गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, ते तोंडामागच्या घशातच फिरतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तोवर अर्धा किलो मीठ संपलं असेल.

शेवटी मे महिन्यात जळगावला गेलो. घशात कडू फवारा मारला, तो भाग बधिर झाला. मग डॉक्टरांनी जीभ गॉजने धरून बाहेर ओढली, तोंडातून दुर्बीण घातली आणि म्हणाले, “ई म्हणा, लांब ई.” ‘ई’ म्हटलं की श्वासनळीवरचं झाकण पुढे सरकतं आणि आतलं दिसतं. स्क्रीनवर दोन पांढऱ्या चकचकीत पट्ट्या, म्हणजे स्वरतंतू, दिसल्या, पुढे जुळलेल्या, मागे उघडलेल्या. उजव्या पट्टीच्या काठावर दादरीच्या दाण्याएवढी लालसर गाठ. आवाज काढताना दोन्ही पट्ट्या जवळ यायच्या, पण गाठ मध्ये आल्यामुळे फट राहायची. तिथूनच ती हवा निघत होती. पुरुषाच्या साध्या बोलण्यात या पट्ट्या सेकंदाला शंभरच्या वर वेळा एकमेकींवर आपटतात. ओरडताना आणखी जोरात. डॉक्टर म्हणाले, या पट्ट्यांचं पहिलं काम बोलणं नाहीच. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, झाकण मिटतं, या पट्ट्याही घट्ट मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो, म्हणून घास श्वासनळीत जात नाही. बोलणं हा वरचा धंदा.

गाठीचं नाव पॉलिप. एकाच बाजूला असली की बहुधा पॉलिप, दोन्ही बाजूंना समोरासमोर असल्या की बहुधा नोड्यूल. नोड्यूल बऱ्याचदा आवाजाच्या व्यायामाने बसतात. माझा पॉलिप काढायचा ठरला. भूल देऊन, तोंडातूनच, सूक्ष्मदर्शकाखाली. बाहेर टाका नाही. ऑपरेशनबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत झालं. गाठ बायोप्सीला गेली, साधी निघाली. मग मौन. कुजबुजायचं सुद्धा नाही, खाकरायचं नाही, खाकरण्याने पट्ट्यांना मार बसतो.

खरी कथा इथून.

दवाखाना विमा कंपनीच्या यादीत नव्हता, म्हणून पैसे आधी भरून नंतर क्लेम करायचा होता. पॉलिसी 2019 पासूनची, एकही हप्ता चुकलेला नाही. कान-नाक-घशाच्या साध्या आजारांना या पॉलिसीत सुरुवातीची दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, तीही कधीच उलटलेली. पुतण्याने सगळे कागद चढवले. मौन चालू असतानाच कंपनीच्या माणसाचा फोन आला. पुतण्याने उचलला.

“पॉलिसीधारकांशी बोलायचंय.”

“त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, त्यांना बोलायची मनाई आहे.”

“सर, पडताळणीसाठी पॉलिसीधारकांनी स्वतः बोलणं गरजेचं आहे.”

क्लेम कशाचा आहे हे त्याच्या समोरच्या स्क्रीनवर लिहिलेलं असणार. मी पाटीवर ‘शिव्या घाल’ असं लिहून दाखवलं. पुतण्या सभ्य आहे, त्याने फोन ठेवला.

मग ई-मेल आला, क्लेम नामंजूर. कारण: ‘कागदपत्रांनुसार लक्षणे मार्च 2012 पासून असल्याचे दिसते, आजार पॉलिसीपूर्वीचा आहे.’ मी चक्रावलो. 2012 मध्ये माझा आवाज असा होता की फाटकापलीकडे बैल बुजायचे. पुतण्याने डिस्चार्ज कार्डावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, आवाज बसणे, 3/12.

डॉक्टर लोक दिवस सातात मोजतात, आठवडे बावन्नात आणि महिने बारात. 3/7 म्हणजे तीन दिवस, 3/52 म्हणजे तीन आठवडे, 3/12 म्हणजे तीन महिने. क्लेम तपासणाऱ्याने तो मार्च 2012 वाचला. दवाखान्यात हे दाखवल्यावर डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण हसायचीसुद्धा अजून भीती वाटत होती आणि पैसे माझे अडकले होते. “लेटरहेडवर लिहून देतो,” म्हणाले. पण त्या दिवशी लेटरहेड संपलेलं. पुढच्या वेळी गेलो तर साहेब ऑपरेशनमध्ये. त्यानंतर पत्र मिळालं, पण त्यावर नोंदणी क्रमांकाचा शिक्का नव्हता आणि कंपनीने तेवढ्यावरून ते परत केलं. अमळनेर-जळगाव रेल्वे आहे म्हणून बरं, नाहीतर एसटीच्या तिकिटातच क्लेमची रक्कम गेली असती. तर असं पत्र घेताना तीन गोष्टी तिथेच बघा: तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह शिक्का. महिने अक्षरी लिहून घ्या, ‘तीन महिने, फेब्रुवारी 2023 पासून’.

एवढ्यावर सुटलो असं वाटलं, तर दुसरी शंका. डिस्चार्ज कार्डावर ‘पूर्वीचा इतिहास’ या रकान्यात लहानपणी टॉन्सिल काढल्याचं लिहिलेलं. मी चौथीत असताना धुळ्याला ते ऑपरेशन झालं होतं. कंपनीची विचारणा: ‘घशाच्या पूर्वीच्या आजाराचा सध्याच्या घशाच्या आजाराशी संबंध स्पष्ट करावा.’

इथे माझं डोकं फिरलं. घसा म्हणजे यांना एकच खोली वाटते. डॉक्टरांच्या टेबलावर घशाच्या उभ्या छेदाचं चित्र होतं, त्याची झेरॉक्स मागून घेतली. घरी बसून लाल पेनाने टॉन्सिलची जागा दाखवली, निळ्या पेनाने पॉलिपची. आणि खाली मराठीत लिहिलं. घसा कवटीच्या तळापासून मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीपर्यंत, साधारण 13 सेंटीमीटरचा. त्याचे तीन मजले: नाकामागचा, तोंडामागचा आणि स्वरयंत्रामागचा. टॉन्सिल मधल्या मजल्यावर, जिभेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना, त्यांचं काम जंतूंशी लढण्याचं. पॉलिप झाला तो स्वरतंतूवर, म्हणजे अन्नाच्या वाटेवर नाही, तिच्या पुढे असलेल्या स्वरयंत्राच्या आत. जागा वेगळी, काम वेगळं, आजाराचं कारणही वेगळं. टॉन्सिल सुजण्याने, आणि पॉलिप माझ्या धंद्याने. डॉक्टरांनी ते वाचून एक शब्द दुरुस्त केला आणि खाली सही केली. मी दहावीनंतर विज्ञान घेतलं नव्हतं, त्यामुळे त्या सहीचा मला ऑपरेशनपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

हे पत्र मात्र हेल्पलाइनला पाठवलं नाही. प्रत्येक विमा कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याचा ई-मेल पॉलिसीच्या कागदांत बारीक अक्षरात असतो. सरळ तिथे पाठवलं. शेवटी एक ओळ टाकली की महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. आपल्या खान्देशासाठी पुण्याचंच कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ही ओळ कामाला आली असावी. काही दिवसांतच क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज आला. हातमोजे, मास्क, आणि ‘इतर’ नावाखाली काहीतरी कापून घेतलं. त्यावर भांडलो नाही.

एक राहिलं. खर्च झेपणारा नसेल तर धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहेत, आधी तिथे जाऊन या. आणि दुर्बिणीच्या तपासणीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागून घ्या. गाठ कुठे होती यावर वाद निघाला तर चित्र काढत बसावं लागत नाही.

शेठने आता कमरेला अडकवायचा छोटा स्पीकर घेऊन दिलाय. बाजूच्या दुकानवाल्यानेही लगेच घेतला, माझ्याहून मोठा. बायोप्सीच्या रिपोर्टची आणि डिस्चार्ज कार्डाची रंगीत झेरॉक्स काढल्याशिवाय मूळ कागद कंपनीला देऊ नका. माझे अजून परत आलेले नाहीत.