तुम्ही विचारलंत म्हणून: वाडीत करमतं कसं?

पुण्याहून आलेले पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात आणि हमखास विचारतात, "इथं करमतं कसं हो तुम्हाला?" इथं म्हणजे किर्लोस्करवाडीत. आम्ही नुसतं वाडी म्हणतो. पलूस तालुक्यातलं, पुणे-मिरज लोहमार्गावरचं हे स्टेशन.

कारखान्याची बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ देऊ केला. 1910 सालची गोष्ट. माळावर निवडुंगच निवडुंग. तो काढून लोकांनी कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती घरं बांधली. लोखंडी नांगर इथून गेले, नंतर पंप गेले. 1920 पासून तर इथून मासिकही निघू लागलं. माळावरच्या वस्तीतून मासिक! मला अजूनही याचा अभिमान वाटतो.

माझे वडील कारखान्याच्या फौंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात त्या खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की आधी ओट्यावर उभं राहून पँटची दुमड उलटी करायचे. साच्याची काळी वाळू भुरुभुरु खाली पडायची. त्यांनी मला ती वाळू पारखायला शिकवलं होतं. मुठीत घेऊन घट्ट दाबायची. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट दिसले पाहिजेत, आणि गोळा मोडला तर कड सरळ तुटली पाहिजे. पाणी कमी पडलं तर कड ढासळते, जास्त झालं तर ओतीव कामात वाफ धरते आणि माल वाया जातो. लहानपणी आमच्या ओट्यावर असे कितीतरी गोळे वाळायचे.

सुट्टीच्या दिवशी सागरेश्वरला जायचो, देवराष्ट्र्याच्या बाजूनं. तिथला डोंगर एके काळी उघडाबोडका होता. धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबतच्या माणसांनी झाडं लावून तो हिरवा केला. 1985 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण आत सांबर, चितळ, काळवीट आहेत. वर चढून गेलं की खाली कृष्णाकाठचा ऊस दिसतो, नजर पोचेल तिथवर. हरणं कुंपणाबाहेर येऊन पिकं खातात, हेही सांगायला हवं. ज्याचा हरभरा रात्रीत संपला, त्याला हरणाचं कौतुक ऐकवू नये. त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या जूनमध्ये वडिलांना घेऊन तिथं गेलो होतो. आता त्यांना चढ झेपत नाही, म्हणून पायथ्यालाच थांबलो. आदल्या दिवशी पहिला पाऊस झाला होता. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली, दाबली आणि मूठ उघडली. बोटांचे ठसे पुसटच उमटले होते.

"अजून एक पाऊस पाहिजे," म्हणाले, आणि हात धोतराला पुसला.