नेम नंतर, आधी पुंगळी

फिनिक्सहून विकेनबर्गमार्गे ९३ क्रमांकाच्या महामार्गाने विकियप, तिथून पुढे अॅरिझोनाच्या धुळीचा कच्चा रस्ता. तिथे भरणाऱ्या बिग सँडी शूट या गोळीबाराच्या मेळाव्यातल्या मशीनगनींबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दुसऱ्या दिवशी तो कडकडाट कानाला जाणवेनासाच होतो. खरी गंमत ताडपत्री अंथरून मांडलेल्या रणगाडाविरोधी रायफलींपाशी होती.

ताडपत्री कशाला, ते लाहटी एल-३९ पाहिली की कळतं. फिनलंडच्या ऐमो लाहटीची ही २० मिलिमीटरची बंदूक सव्वादोन मीटर लांब, वजनाला ५० किलोच्या आसपास. दुपाईला, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या आधाराला, बर्फात ओढायला स्कीसुद्धा आहेत, आणि त्या अॅरिझोनाच्या वाळूत टेकलेल्या! दहा काडतुसांचं मॅगझिन वर बसतं, बार झालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी खालून पडते. ती वाळूत रुतली किंवा दगडावर आपटून तिचं तोंड दबलं तर मोठा तोटा. अशी काडतुसं आता बाजारात सहज मिळत नाहीत, त्यामुळे तीच पुंगळी पुन्हा भरावी लागते. बार झाला की निशाण्याकडे फक्त पाहुणे बघतात. मालक खाली बघतो.

पहिल्या बाराला उजवीकडचा दांडा फिरवून बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग, मागे ओढायचा. पुढे बोल्ट आपोआप मागे येतो आणि तिथेच थांबतो; मुठीवरचा खटका दाबल्याशिवाय पुढे जात नाही. नवख्याला वाटतं, अडकली. नळीच्या तोंडाचा ब्रेक धक्का कमी करतो, पण वायूचा झोत बाजूला फेकतो. म्हणून तोंडाखालची जमीन आधी पाणी मारून ओली करायची, नाहीतर धुळीत निशाणाच दिसत नाही. कानात बोळे आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही हवेत. फोटोसाठी ब्रेकच्या रेषेत उभं राहणाऱ्यांना काय म्हणावं!

सोव्हिएत पीटीआरडी रायफलीची तऱ्हा वेगळी. १४.५ मिलिमीटर, १७ किलो, एका वेळी एकच काडतूस. धक्क्याने नळी मागे सरकते, बोल्टची मूठ दस्त्याजवळच्या पट्टीवर चढते, बोल्ट उघडतो आणि पुंगळी बाहेर. कक्षात, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, कचरा असला की पोलादी पुंगळी चिकटते, मग लाकडी हातोडी. जुन्या काडतुसांच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीतलं मीठ नळी गंजवतं. ते तेलात विरघळत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, तेल शेवटी. उलट क्रम करणाऱ्यांची नळी वर्षभरात आतून खरबरीत होते.

ब्रिटिश बॉइज रायफल पाहून थोडं आपलेपण वाटलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी पलटणींकडेही ती होती. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पोलाद दिसतं, इथे त्याच्यावर रोखलेली बाजू. मॅगझिन वर असल्याने नेमयंत्र डावीकडे सरकवलेलं. .५५ इंचाच्या बऱ्याच बॉइज नंतर .५० ब्राउनिंग काडतुसासाठी बदलल्या गेल्या, आणि त्यामागे कायदा आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने अर्ध्या इंचाहून मोठ्या नळीची अशी रायफल ‘डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस’, म्हणजे विध्वंसक साधन, ठरली. केंद्रीय नोंदणी आणि हस्तांतराला २०० डॉलर कर. १९६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला चोरांनी तिजोरीची भिंत लाहटीनेच फोडली होती, तेव्हा सरकारची धास्ती समजते. शिवाय पाव औंसाहून जास्त स्फोटक भरलेला प्रत्येक गोळा वेगळा नोंदवावा लागतो, म्हणून इथे भरीव गोळेच. विकत घेताना मूळ कक्ष की बदललेला, हे आधी तपासा. बदललेली स्वस्त नि सोयीची, पण संग्राहक तिच्याकडे नाक मुरडतो. माझं मत विचाराल तर तेच बरोबर.

संध्याकाळी लाहटीचे दहा बार झाले. ताडपत्री झटकली, पुंगळ्या मोजल्या: नऊ. चौघे गुडघ्यांवर, हातात विजेऱ्या, वाळू चाळणं अंधार पडल्यावरही चालूच होतं.