पॉल ट्रॅप, पावसाळी नोंद: कणाचा भार शाबूत, गळती दांड्यांत

चोर सापडला! पॉल ट्रॅप म्हणजे एक रिंग आणि तिच्या वर-खाली दोन टोप्या; रिंगवरच्या एसी व्होल्टेजने विद्युतभार असलेला बारीक कण मधे तरंगत राहतो. पाऊस लागल्यापासून जोराची सर आली की ट्रॅपमधला लायकोपोडियमचा (एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड) कण खाली सरकायचा, हिरव्या लेझरमध्ये दिसणारी त्याची उभी रेघ लांबत जायची आणि शेवटी तो खालच्या टोपीवर जाऊन चिकटायचा. उघडीप मिळाली की नवा कण टाकावा, तो छान टिकायचा.

अशा वेळी पहिला संशय येतो तो कणाच्या भारावर: दमट हवेत भार झिरपत असणार. ते तपासायला टोप्यांवरचं डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, कामी आलं. डीसीने वजन बरोबर तोललं की कण मध्यावर येतो. तिथे एसी क्षेत्र शून्य, म्हणून मायक्रोमोशन (एसीबरोबर होणारी कणाची थरथर, तीच रेघ म्हणून दिसते) थांबतं आणि रेघेचा ठिपका होतो. भार घटला असता तर ठिपक्यासाठी जास्त व्होल्ट लागले असते. कोरड्या दुपारी ठिपका १४० व्होल्टला आला होता. संध्याकाळी धो धो पावसात, रेघ दुप्पट झालेली असताना, त्याच कणाचा ठिपका पुन्हा १४० लाच! हा आकडा बघून मी अक्षरशः टाळी वाजवली.

म्हणजे घटत होतं ते रिंगवरचं एसी. पण ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला व्होल्टेज पूर्ण. मधे आहे सुरक्षेसाठी घातलेला १० मेगोह्मचा रेझिस्टर, आणि तो काढायचा नाही म्हणजे नाही. सप्लाय सोडवून रिंग आणि अर्थिंग यांच्यामध्ये मेगर (मोठा रोध मोजायचं यंत्र) लावला तर जेमतेम ५ मेगोह्म. रिंगला आधार देणाऱ्या ॲक्रिलिकच्या दांड्यांवरून वीज गळत होती. १० आणि ५ च्या वाटणीत रिंगला मिळतं तिसरा हिस्सा व्होल्टेज, आणि कणाला मध्याकडे ढकलणारा सरासरी जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे नववा हिस्सा. कण राहणार कसा?

पण निव्वळ ओलाव्याने ॲक्रिलिक इतकं गळत नाही. गोव्यातच, पण समुद्रापासून आत साखळी गावी राहणाऱ्या मित्राचे दांडे याच दुकानातले, पाऊसही तोच, आणि त्याचा ट्रॅप तासन्‌तास चालतो. माझं घर मोरजीला, किनाऱ्याजवळ. खाऱ्या वाऱ्याने दांड्यांवर मिठाचा थर बसतो, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. घरातला आकडा उघडिपीत ७० च्या आसपास, सर आली की ८५. सगळं जुळलं. आयसोप्रोपिलने पुसून फरक पडत नव्हता तोही यामुळेच, मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. डिस्टिल्ड वॉटरने दांडे धुतले, मग आयसोप्रोपिल फिरवून वाळवले. मेगरचा काटा थेट इन्फिनिटीला! त्या रात्री तीन कणांचा त्रिकोण झोपेपर्यंत हलला नाही. १९५९ मध्ये वर्कर, शेल्टन आणि लँगमुइर यांनी निर्वातात ॲल्युमिनियमच्या कणांची अशीच रचना मिळवली होती. आपल्याला हवेचं डॅम्पिंग (हालचाल शमवणं) फुकट मिळतं.

ट्रान्सफॉर्मरबद्दल एक सांगतो, निऑन पाट्यांचा जुना लोखंडी गाभ्याचाच घ्या. मला म्हापशाच्या भंगारात मिळाला. नवे इलेक्ट्रॉनिक हजारो हर्ट्झवर चालतात, आणि मॅथ्यू समीकरणातला (कणाच्या हालचालीचं समीकरण) क्यू, म्हणजे ट्रॅपची पकड सांगणारा आकडा, वारंवारतेच्या वर्गाने उतरतो. धुळीच्या कणाला ५० हर्ट्झच हवेत.

मीठ मात्र परत बसणारच. त्यावर सिलिका जेलची बंद पेटी करायची ठरवलं होतं, पण हे लिहितानाच दुसरं सुचलं. पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात बुरशी येऊ नये म्हणून आपण बल्ब लावून ठेवतो. तसाच १५ वॅटचा बल्ब ट्रॅपच्या तळाखाली वेगळ्या कप्प्यात ठेवला तर? दांडे हवेपेक्षा ४ अंशांनी गरम राहिले तरी ८५ ची आर्द्रता त्यांच्या पृष्ठभागाशी ७० च्या खाली येते, आणि मीठ कोरडंच राहतं. धोका एकच, गरम हवा वर चढून कणाला ढकलेल. तरी पेटी रद्द. आधी बल्ब, वर झाकायला काचेची बरणी, आणि ठिपका १४० लाच येतो की सरकतो ते बघायचं. सरकला तर सरकलेल्या व्होल्टवरून हवेचा झोत किती हेही काढता येईल. गणेश चवथीच्या गडबडीआधी एवढं उरकतो.