आमची वाटचाल : काहिलीवर शब्द कोणाचा?

करवीर तालुक्यात भोगावती नदीच्या काठावर आमचे गुऱ्हाळघर आहे. ते सासऱ्यांनी उभारले. पती शिक्षकाच्या नोकरीत आणि धाकटे दीर शेतीत गुंतलेले असल्यामुळे, सासऱ्यांच्या पश्चात गुऱ्हाळाचा कारभार माझ्याकडे आला. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हालाही चांगले दिवस येतील असे वाटले होते, आणि काही वर्षे तसे ते आलेही. मात्र २०१९ च्या महापुरानंतरचा हंगाम आमच्या घराची परीक्षा पाहणारा ठरला.

सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे गुळव्या (रस आटवून गूळ तयार करणारा कारागीर) म्हणून काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे घर तात्या म्हणते. भेंडीचा रस घालून मळी कधी काढायची, चुलवाणात (मोठ्या चुलीत) उसाचे चिपाड किती सारायचे, काहील (रस आटवायची मोठी कढई) कधी उतरवायची, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा. गूळ सुमारे ११८ अंश सेल्सिअसला तयार होतो हे मी पुढे तापमापक लावून पाहिले. तात्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी वळतात, ती काहिलीच्या कडेवर आपटतात आणि आवाजावरून सांगतात.

त्या ऑगस्टमध्ये नदीकाठचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. शेंडा बुडालेल्या उसाची वाढ थांबते, त्याला पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, रसातली साखर घटते आणि अशा रसाचा गूळ मऊ व काळपट होतो. आमचेही तसेच झाले. अडत्याने दर पाडला. रंग पिवळा यावा म्हणून भाऊजींनी हायड्रॉस या रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीचे प्रमाण वाढवण्यास सांगितले, तेव्हा तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, ऊसच बुडालाय. पावडरीनं त्यो गोड व्हणार न्हाई, आणि ह्यो गूळ पोरंबी खात्यात." या पावडरीमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड उतरतो आणि त्याला ७० पीपीएमची (दहा लाख भागांत ७० भाग) कायदेशीर मर्यादा आहे हे मला ठाऊक होते, तरीही मी गप्प राहिले. भाऊजींनी सगळ्या मजुरांसमोर तात्यांना बेइमान म्हटले.

संध्याकाळी दूध संस्थेत दूध घालायला गेलेल्या माणसांनी ती बातमी गावभर केली. तात्यांनी दुसऱ्या गुऱ्हाळाकडून पैसे घेऊन आमचा गूळ बिघडवला, असे काहींनी सांगितले. दिराला बाजूला काढण्यासाठी सुनेनेच गुळव्याला हाताशी धरले, असेही बोलले गेले, आणि हे दुसरे बोलणे माझ्या जिव्हारी लागले. मी तात्यांची बाजू घेतली असती तर गावाने ते खरे मानले असते. म्हणून घरच्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावायचे नाही, या रीतीचा मी आडोसा घेतला. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी तात्यांचा हिशेब चुकता केला. मी तेथेच उभी होते. ती चूक माझी होती, आणि ती आजही मला सलते.

नवा गुळव्या आला, पण रंग तोच राहिला. मी गुळाचे नमुने घेऊन कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात गेले; तेथे पूरबाधित उसाचा परिणाम समजावून सांगण्यात आला. ते मी घरी जेवताना सर्वांसमोर मांडले. भाऊजी उठून जाणार, इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बाच्या तिरडीला त्यानं खांदा दिलाय. त्याला बेइमान म्हणालास ते चारचौघांत, आता माफीबी चारचौघांतच माग." भाऊजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला तात्यांच्या घरी चलण्यास सांगितले. तेथे शेजारी जमले होते. माफी मागताना भाऊजींचा आवाज बसला होता.

तेव्हापासून काहिलीवर शब्द तात्यांचा, विक्री आणि अडत भाऊजींकडे, आणि मजुरांच्या उचलीची (आगाऊ दिलेल्या पैशांची) वही माझ्याकडे, अशी वाटणी झाली. हायड्रॉस पूर्ण बंद केले. तांबूस गूळ पाहून पहिल्या वर्षी बरेच गिऱ्हाईक परत गेले आणि तोटा आम्हीच सोसला. आता गुळाची चव ओळखणारी घरे दरवर्षी आगाऊ मागणी नोंदवतात. गावातले बोलणे थांबलेले नाही.

यंदा चुलवाणाच्या पूजेला भाऊजींनी नारळ तात्यांच्या हातात दिला. "तुम्ही फोडा धनी," म्हणत तात्यांनी तो परत केला. असे बराच वेळ चालले, आणि अखेर सासूबाईंनी तो फोडला.